अनुशेषाची परिभाषा आणि वऱ्हाडचे वाङ्मय

१

'अनुशेष' हा शब्द गेल्या चार दशकांत मराठीत असा काही रुळला आहे की, तो मुळात हिशेबाचा शब्द आहे याचे भान आता सहसा राहत नाही. जे मिळावयास हवे होते आणि जे प्रत्यक्षात मिळाले यांतील वजाबाकी म्हणजे अनुशेष. रस्त्यांचा, सिंचनाचा, विजेचा, दवाखान्यांचा अनुशेष मोजता येतो, रुपयांत मांडता येतो आणि पुरेशी तरतूद झाल्यास, निदान कागदावर तरी, भरून काढता येतो. अर्थशास्त्राच्या आणि प्रशासनाच्या व्यवहारात या शब्दाचे जे व्हायचे ते होवो, वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा शब्द ज्या विचारपद्धतीतून जन्मला ती विचारपद्धती मराठी समीक्षेत त्याच्याही आधीपासून नांदत आहे. ज्या प्रदेशाच्या विकासात 'अनुशेष' आढळतो त्याच प्रदेशाच्या वाङ्मयात आपल्याला 'उशीर' आढळतो. अमुक प्रवाह पुण्या-मुंबईत अमुक दशकात आला, आमच्याकडे तो पुढच्या दशकात पोहोचला. तेथे प्रयोग झाले, येथे अनुकरण झाले. तेथे वाङ्मय निर्माण झाले, येथे 'प्रादेशिक' वाङ्मय निर्माण झाले. ही सारी विधाने वजाबाकीचीच विधाने आहेत.

प्रादेशिक असमतोल विकासाच्या सिद्धान्तांनी गेल्या पाऊणशे वर्षांत एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे. एखाद्या प्रदेशाचे मागासलेपण म्हणजे केवळ त्याच्यापाशी काही नसणे नव्हे. ते त्या प्रदेशाचे दुसऱ्या प्रदेशाशी असलेल्या नात्याचे रूप असते. ही गोष्ट मराठी समीक्षेने अद्याप मनावर घेतलेली नाही, आणि तिची किंमत वऱ्हाडातील मराठीचे विभाग, त्यांतील संशोधक विद्यार्थी आणि अखेरीस येथील लेखक मोजत आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणाच्या आधारे ते येथे मांडावयाचे आहे.

२

प्रथम सिद्धान्तांचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नर मिर्दाल यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अविकसित प्रदेशांचा विचार करताना 'संचयी कार्यकारणभावा'ची कल्पना मांडली. एखाद्या ठिकाणी काही कारणाने विकासाला आरंभ झाला की भांडवल, कुशल माणसे आणि व्यापार यांचा ओघ तिकडे वळतो. ज्या प्रदेशांतून हा ओघ निघतो ते त्यामुळे आणखी दुबळे होतात. यास त्यांनी ओहोटीचे परिणाम म्हटले. याच्या उलट, वाढत्या केंद्राची मागणी, तंत्रज्ञान आणि पैसा भोवतालच्या प्रदेशात झिरपतो, ते प्रसाराचे परिणाम. देश जितका गरीब तितके प्रसाराचे परिणाम क्षीण, हा मिर्दाल यांचा निष्कर्ष होता. १९५८ मध्ये आल्बर्ट हर्शमन यांनी जवळपास हीच दोन बले वेगळ्या नावांनी मांडली. मात्र त्यांचा कल आशावादी होता, झिरपण्यावर त्यांची भिस्त अधिक होती. १९६५ मध्ये जेफ्री विल्यमसन यांनी असे प्रतिपादन केले की, विकासाच्या प्रारंभीच्या टप्प्यात प्रादेशिक विषमता वाढते आणि पुढे ती आपोआप ओसरू लागते. याच्या नेमके उलट टोक म्हणजे आंद्रे गुंडर फ्रँक. १९६६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी अविकास ही विकासाच्या अगोदरची पायरी नसून विकासाच्याच प्रक्रियेने घडवलेली स्थिती आहे, असे ठामपणे मांडले.

या सर्वांमध्ये मतभेद कितीही असोत, मिर्दाल आणि फ्रँक यांच्या मांडणीनंतर मागे राहिलेल्या प्रदेशाकडे रांगेत मागे उभा असलेला माणूस म्हणून पाहणे कठीण झाले. रांग सरकेल तसा तोही पुढे जाईल, ही विल्यमसन यांची कल्पना. रांगच अशा रीतीने लावलेली आहे की, पुढच्याचे पुढे असणे मागच्याच्या मागे असण्यावर अवलंबून आहे, ही फ्रँक यांची. आपण कोणती कल्पना स्वीकारतो यावर केवळ धोरण नव्हे, वाचनही अवलंबून असते.

हा विचार आपल्याला परकाही नाही. दादाभाई नौरोजी यांनी साम्राज्याच्या पातळीवर संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडला, हे सर्वविदित आहे. परंतु देशाच्या आत, खेड्याकडून शहराकडे आणि कुणब्याकडून कामगारशाहीकडे संपत्ती कशी वाहते याचा विचार महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना केला होता. सारा, लोकल फंड, कोर्टकचेऱ्या, सावकार आणि भटकामगार ही साखळी त्यांनी एकत्र पाहिली. पुढे शरद जोशी यांनी 'भारत' आणि 'इंडिया' हा भेद मांडला तोही याच वाटेवरचा. म्हणजे मराठीत सिद्धान्त नव्हता असे नाही. वाङ्मयाच्या अभ्यासात त्याचा उपयोग झाला नाही, एवढेच.

३

आता वऱ्हाडकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडची काळी जमीन एकाएकी जगाच्या नकाशावर आली. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला असा पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा आखूड फाटा सुरू झाला. त्याच्या आणि कापूस बाजाराच्या उद्घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या बाजाराचे मोल ध्यानात येते.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. पहिला प्रकार असा की, वऱ्हाडात आधुनिकता आली, रेल्वे आली, जिन आणि प्रेस आले, अडत आणि दलाली यांचा नवा व्यवहार आला. हे प्रसाराचे परिणाम होत. ते खोटे नाहीत. खामगाव, अकोला, अमरावती या शहरांत शाळा, वाचनालये, वृत्तपत्रे आणि पुढे राष्ट्रीय चळवळ उभी राहिली ती याच पैशावर. दुसरा प्रकार असा की, रेल्वे कापसासाठी आली, वऱ्हाडसाठी नव्हे. रुईच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे जाव्यात एवढाच तिचा हेतू असल्याने तिची दिशा पूर्व-पश्चिम राहिली. घाटाखालचा प्रदेश मुंबईशी जोडला गेला, पण घाटावरच्या चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या भागांशी जोडला गेला नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. त्या मार्गावर आजवर गाडी धावलेली नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले बुलढाणा शहर आजही रेल्वेविना आहे.

अमेरिकेतील युद्ध संपताच भाव कोसळले. तरीही पिकाची दिशा बदलली नाही. सारा रोख भरावयाचा आणि सावकाराचे देणेही रोखीतच चुकवायचे, तर रोख देणारे पीकच पेरणे भाग होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. कापूस पिकवणारा आणि म्हणून 'समृद्ध' गणला गेलेला प्रदेश धान्यासाठी बाजारावर अवलंबून राहिला होता. समृद्धी आणि असुरक्षितता एकाच साखळीच्या दोन कड्या असू शकतात, हे मिर्दाल यांनी सिद्धान्तरूपाने सांगण्याच्या अर्धशतक आधी वऱ्हाडच्या कुणब्याने अनुभवले होते.

आणखी एक तपशील अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खामगाव आणि जळगाव हे तालुके पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या पुनर्रचनेत ते बुलढाण्याला जोडले गेले. म्हणजे आजचा तेरा तालुक्यांचा बुलढाणा जिल्हा हा दोन निरनिराळ्या अर्थव्यवस्था एका शिवणीने जोडून तयार झालेला आहे. एक घाटाखालची, रेल्वेची, कापसाची; दुसरी घाटावरची, हलक्या जमिनीची, मराठवाड्याशी सोयरीक आणि बाजारहाट असलेली. 'वऱ्हाडी' म्हणून जी बोली आपण एकसंध मानतो तीही या घाटाच्या चढउतारावर बदलत जाते.

४

स्वातंत्र्योत्तर काळात प्रादेशिक असमतोलाची दखल घटनात्मक पातळीवर घेतली गेली, ही महाराष्ट्राची विशेष बाब म्हटली पाहिजे. १९५३ च्या नागपूर कराराने निधीच्या न्याय्य वाटपाचे आश्वासन दिले. १९५६ मध्ये संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदात विकास मंडळांची तरतूद झाली. प्रत्यक्षात ती मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. दरम्यान १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरवला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, म्हणजे ३९.१२ टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी दाखवला. त्यात विदर्भाचे ६,६२४.०२ कोटी होते. दोन्ही आकडे वेगवेगळ्या किंमतपातळीवरचे असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही; परंतु विदर्भाचा हिस्सा ३९ वरून ४७ टक्क्यांवर गेला, ही गोष्ट किंमतवाढीने समजावून सांगता येत नाही.

दांडेकर समितीच्या कार्याचे मोल मोठे आहे. तक्रारीला तिने मोजमाप दिले. तिने जिल्हा हा घटक मानला आणि त्यामुळे विदर्भ व मराठवाड्याबाहेरील महाराष्ट्राचाही ३७ टक्क्यांहून अधिक अनुशेष उघड झाला. असमतोल म्हणजे दोन प्रदेशांतील भांडण नव्हे, हे त्यातून दिसले. परंतु कोणत्याही मोजमापाची एक चौकट असते आणि चौकटीबाहेरचे मोजले जात नाही. समितीने राज्याची सरासरी हे माप मानले, आणि रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांसारख्या क्षेत्रांतील सोयींची तूट मोजली. प्रदेशातून काय बाहेर गेले, हा त्या गणिताचा विषय नव्हता. कापसाचा भाव कोठे ठरतो, रुईची गाठ बांधली गेल्यावर तिच्यावर होणाऱ्या पुढील प्रक्रियेचे मूल्य कोणाच्या पदरात पडते, शिकलेला तरुण पुण्यास गेल्यावर त्याच्या शिक्षणावर गावाने केलेला खर्च कोणत्या खात्यात मांडायचा, हे प्रश्न अनुशेषाच्या तक्त्यात येत नाहीत. १९७२ पासून सुमारे तीन दशके चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हा याच प्रश्नांना हात घालण्याचा प्रयत्न होता. तिचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हावे. पण तिचा आणि अनुशेषाचा विचार एकत्र क्वचितच झाला, ही गोष्ट बोलकी आहे.

सरासरी जिल्ह्याच्या पोटातील भेदही झाकते. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव यांच्या परिसरातील खारपाणपट्ट्यात जमीन काळीभोर आणि भूगर्भातील पाणी खारे. विहीर खणली तरी ती पिकाला आणि माणसाला उपयोगी पडत नाही. तेथे विहिरींची संख्या हे विकासाचे माप होऊ शकत नाही. घाटावर लोणार-सिंदखेड राजाकडे प्रश्न पाण्याच्या गुणाचा नसून अभावाचा आहे. एकाच जिल्ह्यात तहानेचे दोन प्रकार आहेत आणि तक्त्यात रकाना एकच आहे. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात पाण्याचा आणि संतुलित विकासाचा अधिक व्यापक विचार केला, हे खरे. परंतु सार्वजनिक चर्चेची भाषा अद्याप अनुशेषाचीच आहे.

५

हीच भाषा वाङ्मयाच्या अभ्यासात कशी वावरते ते पाहू. मराठी वाङ्मयेतिहासात विदर्भाचे वाङ्मय बहुधा स्वतंत्र प्रकरणात किंवा प्रकरणाच्या अखेरच्या परिच्छेदात येते. त्याला जागा दिली म्हणून अभ्यासक समाधान मानतो. हा जणू अनुशेष भरून काढण्याचाच प्रकार असतो. परंतु प्रश्न जागेचा नाही, मांडणीचा आहे. केंद्र कोणते आणि परिघ कोणता हे एकदा गृहीत धरले की परिघाला दिलेली पाने वाढवून काही साधत नाही.

वस्तुतः इतिहास या मांडणीला साथ देत नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या 'लीळाचरित्रा'पासून मानला जातो त्याची निर्मिती तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेत झाली. मेहकर आणि लोणार ही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील स्थाने चक्रधरांच्या भ्रमणाच्या वाटेवरची आहेत. अलीकडे रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले, ही औचित्याची गोष्ट आहे. पण ज्या प्रदेशात मराठी गद्य प्रथम घडले त्या प्रदेशाची बोली पुढे कादंबरीतील संवादांपुरती उरली आणि निवेदन प्रमाण भाषेकडे गेले, ही घडामोड केवळ भाषिक नव्हे. हे एक श्रमविभाजन आहे. बोली कच्चा माल पुरवते. निवेदन, विश्लेषण आणि निर्णय प्रमाण भाषा करते. सत्तेचे, छापखान्याचे आणि पाठ्यपुस्तकाचे केंद्र कोठे होते याचा विचार केल्याशिवाय हे श्रमविभाजन समजत नाही.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि ग्रामोफोनमुळे महाराष्ट्रभर पोहोचली. मराठी भावगीताच्या इतिहासात त्या तबकडीला आरंभबिंदूचे स्थान दिले जाते. परंतु कवीचा 'शीळ' हा संग्रह प्रसिद्ध व्हावयास १९५४ साल उजाडले. 'खूणगाठी' या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८६ मध्ये मिळाला, तेव्हा कवी सत्तरी ओलांडून गेले होते. कवी मेहकरात वकिली करीत राहिला आणि त्याचे गीत मुंबईच्या तंत्राने सर्वत्र गेले. यात कोणी कोणावर अन्याय केला असे म्हणण्याचे कारण नाही, ना. घं.चा स्वभाव प्रसिद्धिपराङ्मुख होता, हेही लक्षात घ्यावे. तरीही, गीत पोहोचले आणि कवी मागाहून, हा क्रम व्यक्तिस्वभावाने पुरता उलगडत नाही. ग्रामोफोन, प्रकाशनगृहे, नियतकालिके आणि समीक्षक जेथे एकवटले होते त्या ठिकाणापासून मेहकर किती दूर होते, हाही त्या क्रमाचा भाग आहे.

तुलनेसाठी कोकण घ्यावे. श्री. ना. पेंडसे मुंबईत राहून कोकणच्या कादंबऱ्या लिहीत होते. कोकण मुंबईला चाकरमानी पुरवीत होते आणि मुंबई कोकणला मनीऑर्डरी. पेंडशांच्या कोकणाकडे 'निसर्गरम्य पार्श्वभूमी' म्हणून पाहणाऱ्या समीक्षेला हे नाते दिसत नाही. 'प्रादेशिक' या विशेषणाने प्रदेश हा बंदिस्त तुकडा होतो. त्याच्यातून जाणाऱ्या वाटा पुसल्या जातात.

६

मात्र येथील लेखकांनी या वाटा पुसलेल्या नाहीत. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यावरील बऱ्याच लेखनात 'शेतकऱ्याच्या दुःखाचे प्रत्ययकारी चित्रण' यापलीकडे विवेचन जात नाही. परंतु कादंबरीचा नायक एकनाथ हा केवळ शेतकरी नाही. तो उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी लागणारी रक्कम देता येत नाही म्हणून तो शेतीत अडकून पडला आहे. शिक्षणाने त्याला गावापासून तोडले आणि पैशाच्या अभावाने शहराच्या उंबरठ्यावर अडवले. त्याची पत्नी अलका शहराकडे पाहते, वडील जमिनीकडे. म्हणजे मिर्दाल ज्यांस ओहोटीचे परिणाम म्हणतात ते येथे एका घराच्या चार भिंतींत कलह होऊन उभे राहतात. भांडवल कोठून कोठे गेले हे अर्थशास्त्र सांगू शकते; ते जात असताना बाप-लेकाचे आणि नवरा-बायकोचे बोलणे कसे तुटत जाते, हे कादंबरीच सांगू शकते.

येथे कालक्रमही अर्थपूर्ण आहे. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. 'बारोमास' त्याच्या चार वर्षे आधी लिहून प्रसिद्ध झाली होती. वाङ्मयाला 'उशीर' झाला होता असे येथे कोण म्हणेल? उशीर झाला तो तक्त्यांना. त्याच लेखकाची 'तहान' ही पाणीटंचाईवरील कादंबरीही सिंचनाच्या अनुशेषाशेजारी ठेवून वाचली जावी. एकात पाणी घनमीटरांत मोजले जाते, दुसऱ्यात हंड्यांनी आणि खेपांनी. आणि खेपा कोण घालते हे पाहिले की अनुशेषाला बाई आणि पुरुष असा भेद नसतो हा समज टिकत नाही.

७

या मांडणीवर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. मागासलेपण हा संबंध आहे असे म्हणताना सारा दोष बाहेरच्यांवर ढकलण्याची सोय होते. पुणे-मुंबईने आम्हास लुटले, असे म्हटले की वऱ्हाडातील सावकार, अडत्या, शिक्षणसंस्था चालवणारा पुढारी आणि मोठा खातेदार हे सारे एकाएकी पीडितांच्या रांगेत येऊन बसतात. फ्रँक यांच्यावर त्यांच्या टीकाकारांनी हाच आक्षेप घेतला होता की, प्रदेशाप्रदेशांतील देवघेवीवर भर देताना प्रदेशाच्या आतील वर्गसंबंध त्यांनी दुय्यम ठरवले. आपल्याकडे त्यात जातीची भर घालावी लागेल. कापसाची वेचणी बायका करतात, पण बाजार समितीच्या काट्यावर गाडी पुरुषाच्या नावाने लागते. पूर्णेच्या काठावरील गावात विहीर खारी असली तरी ती कोणाच्या वाट्याला किती दूर आहे, हे जातीने ठरत आले आहे.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. आणि त्यासाठी वाङ्मयासारखा साक्षीदार नाही. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडातीलच. तिच्यातील कौतिक कापसाच्या जागतिक बाजाराबद्दल अवाक्षर बोलत नाही. ती नवऱ्याच्या दुबळेपणाशी, भुकेशी आणि नातलगांच्या कोरडेपणाशी झुंजते. कौतिकचे दुःख केवळ 'विदर्भावरील अन्याय' या नावाखाली मावत नाही. तसेच ते केवळ एका बाईचे प्राक्तनही नाही. बाहेरचा दाब आतल्या कोणत्या भेगेतून उतरतो, कोणावर आधी आणि अधिक पडतो, हे 'धग' दाखवते. असमतोलाचा सिद्धान्त वापरायचा तो अशा कृतींवर शिक्का मारण्यासाठी नव्हे, तर त्यांना विचारावयाचे प्रश्न अधिक अचूक करण्यासाठी.

आणि येथे आपल्या स्वतःच्या व्यवसायाचा प्रश्न उपस्थित होतो. अंतोनियो ग्राम्शी यांनी १९२६ मध्ये इटलीच्या दक्षिणेच्या प्रश्नावर लिहिलेल्या अपुऱ्या निबंधात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. दक्षिणेतील शेतकरी आणि जमीनदार यांना जोडणारा दुवा म्हणजे तेथील मध्यमवर्गीय बुद्धिजीवी; आणि दक्षिणेतील थोर विचारवंतांनी तेथील सुशिक्षित तरुणांना युरोपच्या संस्कृतीशी जोडले, पण त्यामुळेच ते शेतकऱ्यापासून दुरावले. मराठीचे विभाग चालवणाऱ्या आपणा सर्वांना हे निरीक्षण लागू होते. शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे संशोधनास येते. तिला वऱ्हाडी शब्द, ओव्या, म्हणी गोळा करावयास सांगितले जाते. त्यांना लावावयाची सैद्धान्तिक चौकट मात्र प्रस्थापित ग्रंथांतून आयती घेतली जाते. 'अमुक कादंबरीतील प्रादेशिकता', 'तमुक लेखकाच्या साहित्यातील ग्रामीण जीवन' अशा शीर्षकांचे प्रबंध सिद्ध होतात. सामग्री येथली, प्रक्रिया अन्यत्र. रुईच्या गाठी आणि आपले प्रबंध यांत याबाबत फारसे अंतर उरत नाही.

८

यावर उपाय म्हणून वेगळ्या 'वैदर्भी समीक्षे'चा पुकारा करणे हा मार्ग प्रस्तुत लेखकास मान्य नाही. तो पुन्हा तुकडा तोडण्याचाच प्रकार होईल. देशीवादाच्या चर्चेतही मुळांचा शोध घेताना मुळांच्या बाहेरील ओढी विसरल्या जाण्याचा धोका असतोच. त्याऐवजी काही साधी कामे सुचवावीशी वाटतात.

पहिले, वऱ्हाडातील कथा-कादंबऱ्यांचा अभ्यास करताना त्या काळातील पिकांची, भावांची आणि वाहतुकीची माहिती ही पार्श्वभूमी न मानता पाठाचा भाग मानावी. १८७० चे लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर, जिल्हा गॅझेटियरे, अनुशेषाचे अहवाल हे मराठीच्या संशोधकाच्या टेबलावर असले पाहिजेत. दुसरे, बोलीचा अभ्यास नमुन्यांच्या संग्रहापुरता न राहता व्यवहाराच्या भाषेचा व्हावा. पऱ्हाटी, सरकी, रुई, फरदड, खंडी, अडत, काटा या शब्दांत केवळ 'ग्रामीण गोडवा' नाही, त्यांत देण्याघेण्याची एक संपूर्ण व्यवस्था आहे. गेल्या तीन दशकांत कापसाची बरीच जमीन सोयाबीनकडे वळली; त्याबरोबर कोणते शब्द मागे पडले आणि कोणते नव्याने आले, याची नोंद आता झाली नाही तर पुढे होणे कठीण आहे. तिसरे, तुलना पुण्याशी न करता मराठवाड्याशी, कोकणाशी, खानदेशाशी, तसेच शेजारच्या तेलंगणातील कापूस पट्ट्यातील लेखनाशी व्हावी. केंद्राशी केलेल्या तुलनेत नेहमी वजाबाकी हाती येते. परिघावरील दोन प्रदेशांच्या तुलनेत नात्याची रचना दिसू लागते. चौथे, घाटावर आणि घाटाखाली हा भेद आपल्याच जिल्ह्याच्या वाङ्मयात कसा उमटतो याचा शोध घ्यावा. ज्याला आपल्या पोटातील असमतोल दिसत नाही त्याची राज्यातील असमतोलाविषयीची तक्रार अर्धीच खरी ठरते.

ही कामे निधीवाचून अडलेली नाहीत. त्यांना समिती लागत नाही, मंडळ लागत नाही, पॅकेज तर नाहीच नाही. त्यांना लागते ती एवढीच तयारी की, प्रदेशाच्या वाङ्मयाने काय कमी दिले याचा हिशेब बाजूला ठेवून, त्याने काय पाहिले हे विचारावे. रस्त्याचा अनुशेष रस्ता बांधून भरून निघतो. वाङ्मयाच्या बाबतीत तसा अनुशेष मुळी नव्हताच. जी उणीव होती ती वाचणाऱ्यांच्या प्रश्नांत होती. ती भरून काढणे हे सर्वस्वी आपल्या विभागांच्या हाती आहे, आणि या बाबतीत राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही.